खांबाशी गप्पा आणि रस्त्यावर लंगडी

कर्जाचे हप्ते, शेळ्यांचं लसीकरण, मुलींची शिष्यवृत्ती अशा विषयांवर आपण या केंद्रावर नेहमी बोलतो. आजचा विषय ऐकून काहीजणी पदर तोंडाला लावून हसतील. आज बोलायचं आहे शहरातल्या खेळाबद्दल. त्यातही ज्यांना 'स्मार्ट सिटी' म्हणतात, त्या शहरांतल्या माणसांना खेळायला जागा आणि सवड कशी मिळेल, याबद्दल.

शहराचं आपल्याला काय पडलंय, असं कुणी विचारेल. आम्ही गटाच्या बैठकीत सहज हात वर करायला सांगितलं: कुणाकुणाचं जवळचं माणूस पुण्या-मुंबईला, नाशिकला, सोलापूरला राहतं? अठरा जणींपैकी सोळा हात वर. कुणाचा मुलगा कंपनीत, कुणाची लेक तिकडे दिलेली, कुणाची नातवंडं तिकडच्या खोलीत वाढतायत. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात शंभरातली पंचेचाळीस माणसं शहरात राहत होती. म्हणजे आपली निम्मी नातीगोती तिकडेच. शिवाय शहरात जे येतं ते दहा वर्षांनी तालुक्याला येतं आणि पंधरा वर्षांनी आपल्या चावडीपुढे. सीसीटीव्ही आले, पेव्हर ब्लॉक आले, ओपन जिम आली. ते येण्याआधी ते कशासाठी असतं हे कळलेलं बरं.

आधी स्मार्ट सिटी म्हणजे काय ते थोडक्यात. २५ जून २०१५ रोजी केंद्र सरकारने स्मार्ट सिटी मिशन सुरू केलं. त्यासाठी देशातली शंभर शहरं निवडली. २०१६ च्या जानेवारीत पहिल्या वीस शहरांची यादी आली, तिच्यात आपल्याकडची पुणे आणि सोलापूर होती. पुढे नाशिक, नागपूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली, पिंपरी-चिंचवड आणि तेव्हाचं औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर ही शहरं आली. मार्च २०२५ अखेर हे मिशन संपलं. त्यातून रस्ते झाले, दिवे झाले, पाण्याच्या योजना झाल्या, आणि प्रत्येक शहरात एक मोठी कंट्रोल रूम झाली. भिंतभर पडदे असतात, त्यावर चौकाचौकातले कॅमेरे दिसतात, कुठे वाहनं तुंबली, कुठे पाणी साचलं ते कळतं. ही कामं वाईट नाहीत. ज्या बाईला रात्री नऊला कामावरून एकटीने घरी जायचं आहे, तिला दिवा हवाच.

पण या कंट्रोल रूमच्या पडद्यावर शहर कसं दिसतं, ते पाहा. वाहतूक, कचरा, वीज, गुन्हा. माणूस दिसतो तो एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना. जो कुठेच जात नाही, नुसता थांबलाय, गप्पा मारतोय, पोराला पाठीवर घेऊन घोडा-घोडा करतोय, त्याची मोजणी कुठल्याच यंत्रात नसते. मिशनच्या कागदांत मोकळ्या जागा, बागा, क्रीडांगणं यांचा उल्लेख होता. नोव्हेंबर २०२० मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी मोहल्ले कसे सुधारावेत, याची एक स्पर्धाही केंद्राने शहरांमध्ये घेतली, नर्चरिंग नेबरहूड्स चॅलेंज नावाची. तरीही कुणालाही विचारा, स्मार्ट सिटी म्हटलं की डोळ्यांपुढे कॅमेराच येतो. झोपाळा येत नाही.

हीच गोष्ट इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या काही लोकांच्या लक्षात आली. ब्रिस्टल हे नदीकाठचं जुनं बंदराचं शहर. तिथे वॉटरशेड नावाची एक कलासंस्था आहे. २०१२ साली तिने 'प्लेएबल सिटी' म्हणजे खेळकर शहर अशी एक कल्पना मांडली. त्यांचं म्हणणं असं की शहरात तारा, दिवे, यंत्रं आधीच एवढी आहेत, मग त्यांचा वापर माणसांना एकमेकांशी बोलतं करायला, हसवायला का करू नये? त्यासाठी त्यांनी बक्षीस ठेवलं आणि जगभरातून कल्पना मागवल्या.

पहिलं बक्षीस ज्या कल्पनेला मिळालं, ती आम्हाला फार आवडली, कारण ती आपल्याला लगेच समजते. आपल्या गावात विजेच्या प्रत्येक पोलवर नंबर रंगवलेला असतो. तो नंबर आपण कधी वाचतो? लाईट गेली की वायरमनला फोन करताना. ब्रिस्टलमध्येही दिव्याच्या खांबांवर, टपालपेट्यांवर, बसथांब्यांवर असे दुरुस्तीसाठीचे नंबर होते. २०१३ च्या उन्हाळ्यात तिथल्या लोकांना सांगण्यात आलं की या नंबराने त्या वस्तूला मोबाईलवरून मेसेज पाठवा, ती वस्तू तुमच्याशी बोलेल. खेळाचं नाव 'हॅलो लॅम्प पोस्ट', म्हणजे 'काय रे खांबा, कसा आहेस?' असंच म्हणा. खांबाला 'नमस्कार' असा मेसेज गेला की उत्तर यायचं: आज तुला इथून काय दिसतंय? या रस्त्याची तुझी जुनी आठवण कुठली? तुम्ही उत्तर दिलं की खांब ते लक्षात ठेवायचा, आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला ते सांगायचा. एखादी म्हातारी तिच्या लहानपणची गोष्ट टपालपेटीला सांगून गेली, तर दुसऱ्या दिवशी शाळेतलं पोर ती गोष्ट वाचणार. हजारो लोक त्या काही आठवड्यांत खांबांशी, पेट्यांशी बोलले.

यात यंत्र किती होतं? साधा मेसेज आणि पलीकडे एक संगणक. खांबाला एक खिळासुद्धा ठोकावा लागला नाही. स्मार्टफोन लागला नाही, बटणांचा फोन चालला. म्हणून आम्हाला वाटतं की यातली हुशारी यंत्राची नव्हती. शहरातल्या सगळ्यांच्या नजरेसमोर असलेला आणि कुणीच न वाचलेला तो नंबर कुणाला तरी दिसला, ही खरी हुशारी.

पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, बक्षीस मिळालं ते सावल्यांच्या खेळाला. काही दिव्यांच्या खांबांत अंधारात पाहणारा कॅमेरा आणि पडद्यावर चित्र टाकणारं यंत्र बसवलं. तुम्ही दिव्याखालून चालत गेलात की तुमची सावली तो टिपून ठेवायचा. तुमच्यानंतर येणाऱ्याच्या पायाशी त्याच्या स्वतःच्या सावलीशेजारी तुमचीही सावली चालायची. माणूस दचकायचा, मागे पाहायचा, मग लक्षात आलं की उड्या मारायला लागायचा. पुढच्यासाठी काहीतरी ठेवून जायचं म्हणून मोठी माणसं रात्री रस्त्यावर नाच करायची. इथेही कॅमेरा आहेच. पण तो चेहरा पाहत नाही, नाव विचारत नाही आणि ज्याची सावली त्यानेच ती खेळवायची आहे. पाळत ठेवणारं यंत्र आणि खेळायला देणारं यंत्र यांच्यातला फरक इतक्या सोप्या रीतीने आम्हाला दुसरीकडे कुठे दिसला नाही.

त्याच वर्षी तिथे एका उताराच्या मुख्य रस्त्यावर, पार्क स्ट्रीटवर, एक दिवस सुमारे नव्वद मीटर लांब पाण्याची घसरगुंडी केली होती. ल्यूक जेरम नावाच्या कलाकाराची ती कल्पना. तिकिटासाठी नव्वद हजारांहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं आणि घसरायला मिळालं ३६० जणांना. एवढ्या मोठ्या माणसांना घसरगुंडीवर बसायचं होतं, हे त्या दिवसापर्यंत कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

आता आमचं मत सांगतो. हे सगळं छान आहे, पण चार दिवसांचं आहे. खेळ येतो, फोटो निघतात, खेळ जातो. जत्रा पाळणा घेऊन येते आणि घेऊन जाते तसं. रोज संध्याकाळी पाच वाजता पोराने कुठे खेळायचं, याचं उत्तर त्यात नाही. ते उत्तर त्याच ब्रिस्टलमध्ये मिळतं. ते शोधलं मात्र आयांनी, त्यात कुठलंही यंत्र नव्हतं.

२००९ सालची गोष्ट. शेजारी राहणाऱ्या दोन आया. त्यांच्या लक्षात आलं की आपण लहानपणी ज्या रस्त्यावर खेळलो, त्या रस्त्यावर आपली मुलं पाऊल टाकू शकत नाहीत. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून गाड्या धावणाऱ्या. त्यांनी ठरवलं की आपली गल्ली शाळा सुटल्यावर काही तास वाहनांना बंद करायची. नगरपालिकेकडे गेल्या तर तिथे जत्रा, मिरवणूक, पार्टी यासाठी रस्ता बंद करायचा अर्ज होता. खेळासाठी रस्ता बंद, असा रकानाच नव्हता. त्यांनी आहे त्याच अर्जावर परवानगी घेतली आणि गल्ली बंद केली. पोरं बाहेर आली, खडूने रस्ता रंगवला, सायकली काढल्या. पाठोपाठ म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन दारात आली.

हळूहळू दुसऱ्या गल्ल्यांनी विचारायला सुरुवात केली. २०११ मध्ये ब्रिस्टल नगरपालिकेने खेळासाठी गल्ली बंद ठेवायची रीतसर सोय केली. प्रत्येक वेळी नवा अर्ज करायला नको, एकदा परवानगी घेतली की ती वर्षभर चालते. या चळवळीचं नाव 'प्लेइंग आउट', बाहेर खेळणं. ब्रिटनभर शेकडो गल्ल्या आता असं करतात.

पद्धत सांगतो, कारण ती आपल्याला जमण्यासारखी आहे. आधी गल्लीतल्या प्रत्येक घरी चिठ्ठी जाते आणि सगळ्यांना विचारलं जातं. गल्लीच्या दोन्ही टोकांना अडथळा आणि पाटी लावतात. प्रत्येक टोकाला एक मोठं माणूस थांबतं, गळ्यात शिट्टी. बाहेरची गाडी असेल तर तिला वळसा घ्यायला सांगायचं. गल्लीतल्याच माणसाची गाडी असेल तर शिट्टी वाजवायची, पोरं बाजूला होतात, तो माणूस गाडीपुढे चालत चालत तिला घरापर्यंत आणतो. त्यामुळे 'माझी गाडी अडकली' अशी तक्रार करायला जागा राहत नाही. मुलांची जबाबदारी ज्याची त्याच्या आईबापाकडे. आणि खेळ कुणी शिकवत नाही, स्पर्धा नाहीत, बक्षिसं नाहीत, पाहुणे बोलावून नारळ फोडणं नाही. ही शेवटची गोष्ट आमच्या मते फार महत्त्वाची. आपल्याकडे खेळ म्हटला की आधी माईक आणि हारतुरे येतात आणि पोरं उन्हात ताटकळत बसतात.

गल्ली बंद करायची कल्पना दुसरीकडेही आहे. दक्षिण अमेरिकेतल्या बोगोटा शहरात १९७४ पासून दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते मोटारींना बंद असतात. माणसं चालतात, सायकल चालवतात, नाचाचे वर्ग रस्त्यावर भरतात. आपल्या पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, तेव्हा त्या दिवसापुरती वाहनं बंद असतात. वर्षातून एक दिवस. सुरुवात म्हणून ठीक आहे.

आता खेळायच्या जागा बांधण्याबद्दल. याचा सगळ्यात मोठा दाखला नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅम शहराचा आहे. दुसरं महायुद्ध संपलेलं, शहर मोडकळीला आलेलं, पैसा नाही. नगरपालिकेत याकोबा मुल्डर नावाच्या नगररचनाकार बाई होत्या. त्यांनी एका लहान मुलीला रस्त्यातल्या झाडाच्या बुंध्याशी माती उकरून खेळताना पाहिलं आणि हिला इथेच खेळायला जागा का नसावी असं त्यांना वाटलं, अशी हकीकत सांगतात. त्यांच्या खात्यात आल्डो व्हॅन आयक हा तरुण आर्किटेक्ट होता. १९४७ मध्ये त्याने एका चौकात पहिली जागा केली: सिमेंटच्या जाड काठाचा वाळूचा हौद, कोलांट्या मारायला लोखंडी दांड्या, उड्या मारायला काही ठोकळे, कडेने झाडं आणि बसायला बाकं. बस. शेजारच्या मोहल्ल्यातल्या लोकांनी ते पाहिलं आणि नगरपालिकेला पत्रं लिहायला सुरुवात केली, आम्हालाही हवं, आमच्याकडे अमुक ठिकाणी रिकामी जागा आहे. पुढच्या तीस वर्षांत सातशेहून जास्त जागा झाल्या. पडक्या घरांचे प्लॉट, रस्त्याच्या मधले तुकडे, कचऱ्याचे कोपरे, सगळे वापरले.

या जागांत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या. एक, बहुतेकांना कुंपण नव्हतं. जागा रस्त्याचाच भाग. बाजार करून येणारी बाई दोन मिनिटं बाकावर टेकणार, पोर तेवढ्यात दांडीला लटकून घेणार. दोन, तिथे हत्तीची सोंड, बदकाची घसरगुंडी असलं काही नव्हतं. व्हॅन आयकचा विचार असा होता की हत्तीच्या घसरगुंडीवर पोर एकच गोष्ट करू शकतं. साधी दांडी असेल तर ती कधी घोडा होते, कधी दुकानाचा गल्ला, कधी लटकायची फांदी. ज्या बाईने वडाच्या पारंब्यांवर सूरपारंब्या खेळलेल्या आहेत, तिला हे समजावून सांगायची गरज नाही.

इथपर्यंत आपण 'पोरं', 'मुलं' म्हणतोय. पण कोणती मुलं? आता जी गोष्ट सांगणार आहोत, ती नीट ऐका, कारण त्यासाठीच हा विषय घेतला.

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. १९९६-९७ मध्ये तिथल्या नगरपालिकेने बागांमध्ये कोण येतं याची पाहणी करवून घेतली. दिसलं असं की लहान असताना मुलगे आणि मुली दोघंही येतात. नऊ-दहा वर्षांच्या पुढे मुलगे तेवढेच राहतात, मुली मात्र दिसेनाशा होतात. कुणी त्यांना बंदी केली नव्हती. पाटी लावली नव्हती. मग झालं काय? बागेत मधोमध एक मोठं मोकळं मैदान. मोठे मुलगे चेंडू घेऊन येत आणि सगळं मैदान त्यांचं होऊन जाई. मुली जागेसाठी भांडत नसत, कडेला उभ्या राहत आणि मग यायच्याच बंद होत. चेंडूसाठी जाळीची कुंपणं होती, त्यांना एकच दार. त्या दारात मुलगे घोळका करून बसले की आत जायचं कसं?

नगरपालिकेने मुलींना धीट करायचे वर्ग घेतले नाहीत. तिने बाग बदलली. १९९९ पासून मार्गारेटेन या भागातल्या दोन बागा नव्याने आखल्या. मोठ्या मैदानाचे झाडं-झुडपं लावून छोटे छोटे भाग केले, म्हणजे एका घोळक्याने सगळंच व्यापायला नको. व्हॉलीबॉल, बॅडमिंटन यांसाठी जागा ठेवली. चालायच्या वाटा नीट केल्या. जाळीच्या कुंपणांना जास्त आणि रुंद दारं ठेवली. आणि मुली परत आल्या. वेगवेगळ्या टोळक्यांनी आपापले कोपरे धरले, मुलग्यांशी भांडण न होता. या कामात ईवा काइल या नगररचनाकार बाईंचा मोठा वाटा होता.

आता आपल्या गावातलं मैदान डोळ्यांपुढे आणा. शाळेचं असेल, गायरान असेल, देवळामागचं पटांगण असेल. संध्याकाळी साडेपाचला तिथे कोण आहे? क्रिकेट. एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत क्रिकेट. तिसरी-चौथीपर्यंत लंगडी, खोखो, ठिक्कर खेळणारी पोरगी सहावीत गेली की कुठे जाते? आपण म्हणतो, ती मोठी झाली. आता तिला घरचं काम शिकायला हवं. आता बरं दिसत नाही. व्हिएन्नातल्या मुलीला तर कुणी 'बरं दिसत नाही' म्हटलं नव्हतं, तरी ती गेली. आपल्या मुलीला दोन्हीकडून ढकललं जातं, मैदानातूनही आणि घरातूनही. वर मैदानाजवळ संडास नसतो. पाळी सुरू झालेली मुलगी दोन तास तिथे थांबणार कशी, हा विचार मैदान करणाऱ्याने केलेलाच नसतो.

आणि मोठ्या बायकांचं काय? हा प्रश्न विचारला की गटात हशा पिकतो. पण आठवा. मंगळागौरीला रात्र रात्र जागून फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा घालणाऱ्या बायका कुणी कुमारिका नव्हत्या, लग्न झालेल्या होत्या. नागपंचमीला झाडाला दोर बांधून सासुरवाशिणी झोके घ्यायच्या, उभ्याने. म्हणजे बाईने खेळायचं ही आपल्याला परकी गोष्ट नाही. फक्त ती सणापुरती ठेवलेली होती, आणि सणही आता मोबाईलवरच्या शुभेच्छांत चाललाय. मंगळागौरीचे खेळ शहरात हल्ली स्टेजवर दिसतात, एकसारख्या नऊवारीत, समोर खुर्च्या मांडून. ते बघायला चांगले वाटतात. पण बघणारी बाई तिथे खुर्चीतच राहते.

प्रदर्शनात माल विकायला आम्ही गटाच्या बायका घेऊन एका शहरात गेलो होतो. दुपारी शेजारच्या नव्याकोऱ्या बागेत डबा खायला बसलो. चार झोपाळे रिकामे. पंचेचाळिशीच्या एका ताईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि बसल्या. शिट्टी वाजवत रखवालदार आला. पाटी दाखवली: बारा वर्षांवरील व्यक्तींना मनाई. त्याचंही चुकलं नाही, साखळी तेवढ्या वजनाची नसेल. पण मग जास्त वजनाची साखळी लावायला किती खर्च येतो, असं त्या ताईंनी त्याला विचारलं. त्याला उत्तर देता आलं नाही.

कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराने याचं उत्तर २०११ साली दिलेलं आहे. तिथे रस्त्याकडेच्या एका जागेत एकवीस झोपाळे ओळीने बांधले, लहान-मोठ्या सगळ्यांसाठी. झोका घेतला की त्यातून एक सूर निघतो. एकटीने घेतला तर तेवढाच. शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर एका लयीत झोका गेला तर सूर जुळून चाल तयार होते. ऑफिसला जाणारी माणसं पाच मिनिटं थांबून अनोळखी माणसाशी लय जुळवायला लागली. २००९ मध्ये स्वीडनमधल्या स्टॉकहोम शहरात एका मेट्रो स्टेशनच्या जिन्याच्या पायऱ्या पियानोच्या पट्ट्यांसारख्या केल्या होत्या, पाय ठेवला की सूर वाजे. सरकता जिना सोडून लोक त्या पायऱ्या चढत होते. ती मात्र एका मोटार कंपनीची जाहिरात होती, हेही सांगून ठेवतो. झोपाळे आम्हाला जास्त पटतात.

आता एक शंका. आमच्याच एका बैठकीत आली होती. 'नळाला पाणी चार दिवसांनी येतं आणि तुम्ही झोपाळ्याचं काय घेऊन बसलात?' शंका रास्त आहे. पाणी आधी, यात वाद नाही. पण वाळूचा हौद आणि दोन दांड्या यांनी कुणाचं पाणी तुटत नाही. पैसा तुटतो तो भलत्या गोष्टींत. कारंजं बांधायचं, ते सहा महिन्यांत बंद. 'आय लव्ह' अमुक गाव अशी रंगीत अक्षरं उभी करायची, लोक एकदा फोटो काढतात आणि झालं. ओपन जिमची यंत्रं आणायची, वंगण कुणी घालायचं ते ठरवायचं नाही, वर्षात ती करकरायला लागतात. खेळाची जागा म्हणून जे जे आणलं जातं, त्याला आधी विचारावं: मोडल्यावर हे गावातल्या वेल्डरला दुरुस्त करता येईल का? येत नसेल तर नको.

आपल्या हातात काय आहे ते आता सांगतो. कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. तिच्यात हा विषय मांडता येतो. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो दरवर्षी कशावर जातो, हे महिला सभेत मोठ्याने विचारा. पण नुसतं 'मैदान द्या' म्हणून जाऊ नका. मैदान दिलं की त्याचं परत क्रिकेटचं मैदान होईल, आणि आपण मागून घेतलेलं म्हणून गप्प बसावं लागेल. क्रिकेट बंद करा असंही म्हणू नका, ती पोरंही आपलीच आहेत.

आधी मोजा. व्हिएन्नाने तेच केलं. एक आठवडा रोज संध्याकाळी पाच ते सात, दर अर्ध्या तासाने मैदानावर किती मुलगे, किती मुली, किती बायका, किती म्हातारी माणसं, हे वहीत लिहायचं. दहा वर्षांखालच्या आणि वरच्या मुली वेगळ्या मोजायच्या. हे काम गटातल्या दोघीजणी आलटून पालटून करू शकतात, अंगणवाडीच्या ताई मदत करतील. मग त्या मुलींकडे जा ज्या वहीत नाहीत, आणि त्यांनाच विचारा: तू का येत नाहीस? त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. दिवा नाही, संडास नाही, पोरं चिडवतात, आई सोडत नाही. हा कागद सरपंचांपुढे ठेवला की 'मुलींना आवडच नसते' हे वाक्य पुढे चालत नाही.

आणि ज्यांची मुलंबाळं शहरात आहेत त्यांनी फोनवर त्यांना ब्रिस्टलच्या त्या दोन आयांची गोष्ट सांगा. सोसायटीची आतली गल्ली रविवारी दोन तास मोकळी करायला सोसायटीची बैठक पुरते. सार्वजनिक रस्ता असेल तर महापालिका आणि वाहतूक पोलिसांकडे अर्ज करावा लागतो. नातवंडं कुठे खेळतात, हे तेवढ्यात विचारून घ्या. गाड्या लावायच्या जागेत, असं उत्तर आलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

मोजणीचे कागद या महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत आमच्याकडे पोचते करा. प्रभागसंघाच्या बैठकीला येणाऱ्या ताईंबरोबर दिले तरी चालतील. पाच गावांचे तरी कागद आले तर पुढच्या कार्यक्रमात ते आकडे वाचून दाखवू आणि त्यातल्याच दोन मुलींना बोलायला इथे बोलावू. कागदावर गावाचं नाव, वार आणि वेळ लिहायला विसरू नका, आणि त्या दिवशी पाऊस होता का, तेही लिहा.